इंग्लिश इडियम्स आणि रोजची बोलणी: नवीन शिकणाऱ्यांनी सुरुवात कुठून करायची

शब्द सगळे ओळखीचे आणि वाक्य मात्र डोक्यावरून गेलेलं, असं इंग्लिश ऐकताना झालं की समजायचं समोर इडियम आलाय. 'हँग इन देअर' घ्या. हँग माहीत, इन माहीत, देअर तर पहिलीपासून माहीत, तरी अर्थ लागत नाही, कारण तिथे कोणी कुठे लटकत नसतं. समोरचा तुम्हाला धीर देत असतो, की बाबा सोडू नको, अजून थोडी कळ काढ.

मग बहुतेक लोक काय करतात तर पाचशे इडियम्सची पीडीएफ डाऊनलोड करतात, दोन दिवस रट्टा मारतात आणि नंतर ती फाईल फोनमध्ये पडून राहते. आणि त्या लिस्टमध्ये अगदी वरती हमखास 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' असतं, जे इंग्लिश मातृभाषा असलेली माणसं रोजच्या बोलण्यात फारसं म्हणतच नाहीत, ती सरळ 'इट्स पोअरिंग' म्हणतात आणि छत्री उघडतात. म्हणजे पाठ केलं ते कानावर पडत नाही आणि कानावर पडतं ते पाठ केलेलं नाही.

म्हणून खाली क्रम मुद्दाम उलटा लावलाय. रंगीबेरंगी इडियम्स नंतर, आणि साधी, चिल्लर वाटणारी बोलणी आधी. दिवसभर चलनात तीच असतात.

पायरी १: आधी चिल्लर गोळा करा

फजिती होते ती मोठ्या इडियमवर नाही, तीन-चार शब्दांच्या वाक्यांवर होते. कोणाला विचारलं काही हवंय का आणि तो म्हणाला 'आय एम गुड', तर तो स्वतःच्या चांगुलपणाबद्दल बोलत नाहीये, 'नको, माझं चाललंय' एवढंच सांगतोय. 'आय एम डाऊन फॉर दॅट' आणि 'आय एम अप फॉर दॅट', एकात खाली आणि एकात वर, पण दोन्हीचा अर्थ 'मी तयार आहे, चला'. (मात्र 'आय एम डाऊन विथ अ कोल्ड' म्हणजे सर्दीने आडवा झालोय. डाऊनच्या पुढे नक्की काय येतंय, तिकडे कान ठेवा.)

आता हा संवाद बघा, दोन सहकारी बोलतायत:

— कामाचा नुसता ढीग साचलाय यार, रविवारी पण लॅपटॉप उघडायला लागला.
— टेल मी अबाऊट इट.

नवीन माणूस इथे काय करतो तर खरंच सांगायला बसतो, की अमुक रिपोर्ट राहिला, तमुक मेल आला, आणि समोरचा कंटाळून ऐकत राहतो. त्याने काहीही विचारलेलं नसतं. तो म्हणत असतो 'मला काय सांगतोस, माझी पण तीच गत आहे'. ओळखायचं आवाजावरून: वाक्याच्या शेवटी आवाज खाली येतो, थोडा थकलेला असतो, आणि बोलून झाल्यावर तो तुमच्याकडे उत्तराच्या अपेक्षेने बघत नाही. खरीच माहिती हवी असेल तर कशाबद्दल ते तो नाव घेऊन विचारतो, 'टेल मी अबाऊट द न्यू जॉब' असं. ह्याच घरातलं दुसरं म्हणजे 'यू कॅन से दॅट अगेन'. पुन्हा म्हणून दाखवायचं नाही हं, त्याला तुमचं म्हणणं शंभर टक्के पटलंय.

भेटल्यावर 'हाऊ आर यू' किंवा 'व्हॉट्स अप' म्हणतात ते तर नुसतं नमस्काराच्या जागी असतं. उत्तर 'गुड, यू?' किंवा 'नॉट मच', आणि पुढे चालू पडायचं. ब्रिटनमध्ये ह्याच कामासाठी 'यू ऑलराईट?' म्हणतात, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं आपला चेहरा उतरलेला दिसतोय का काय. तसं काही नसतं.

फोनवर समोरचा म्हणाला 'वेल, आय विल लेट यू गो', तर खरं तर जायचंय त्याला, तो तुमच्यावर उपकार केल्यासारखं दाखवून स्वतः सुटतोय. हे मान्य करायचं, 'ओके, टॉक सून' म्हणायचं. आणि 'वी शुड कॅच अप समटाईम' ह्यात जोपर्यंत वार आणि वेळ येत नाही तोपर्यंत ते आमंत्रण धरायचं नाही, ते सौजन्य. ह्यावरून मनाला लावून घेणारे लोक आहेत, की भेटू म्हणाला आणि नंतर फोनच नाही. अहो त्याने तसं काही कबूलच केलं नव्हतं.

'शट अप!' आणि 'गेट आऊट ऑफ हिअर!' ही दोन तर ऐकून लोक गोरेमोरे होतात. मित्राला आनंदाची बातमी सांगितली आणि तो डोळे मोठे करून असं ओरडला तर तो 'काय सांगतोस काय!' म्हणतोय. भांडणात हेच शब्द आले की अर्थ शब्दशः. स्वतः वापरायची घाई मात्र करू नका, सूर एवढासा चुकला तरी अंगाशी येतं.

'लेट मी स्लीप ऑन इट' म्हणजे घाई नको, उद्या विचार करून सांगतो. 'फिल मी इन' म्हणजे मी नव्हतो तेव्हा काय झालं ते सांग. 'इट्स ऑन मी' बिल आल्यावर म्हटलं तर पैसे मी देतो, आणि काहीतरी गडबड सापडल्यावर 'दॅट्स ऑन मी' म्हटलं तर चूक माझी. बाकीचं पटापट: 'नेव्हर माईंड' म्हणजे जाऊ दे, 'फेअर इनफ' म्हणजे ठीक, पटलं, 'हँग ऑन' म्हणजे थांब जरा, 'नॉक इट ऑफ' म्हणजे बास झालं आता, 'नो बिगी' म्हणजे त्यात काय एवढं, 'माय बॅड' म्हणजे चुकलं माझं.

एवढी डोक्यात बसली तरी रोजचं अर्धं बोलणं मोकळं होतं.

पायरी २: फ्रेझल वर्ब, म्हणजे एक क्रियापद आणि त्याच्या मागे शेपूट

आपण इंग्लिश शिकलो पुस्तकातून, त्यामुळे आपल्याला पोस्टपोन, कॅन्सल, टॉलरेट, रिजेक्ट, इन्व्हेस्टिगेट असे भारदस्त शब्द येतात. पण बोलताना लोक 'पुट ऑफ', 'कॉल ऑफ', 'पुट अप विथ', 'टर्न डाऊन', 'लूक इंटू' म्हणतात. अर्थ तेच, फक्त हे बोलण्यातले. म्हणून नवीन फ्रेझल वर्ब दिसलं की त्याचा भारदस्त जुळा आपल्याला आधीच माहीत आहे का ते बघायचं, बऱ्याचदा असतो, आणि मग ते लगेच बसतं.

आणि 'पुट' म्हणजे ठेवणे, 'अप' म्हणजे वर, मग 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे कसं काय, असं डोकं चालवत बसू नका. आपल्याकडे 'पडणे' बघा की. आजारी पडणे, महागात पडणे, उपयोगी पडणे, पार पडणे, तोंडघशी पडणे. ह्यात नक्की कोण कुठून कुठे पडतं हे आपण कधी कोणाला विचारलं नाही, अख्खाच्या अख्खा तुकडा उचलला. तिथेही तेच करायचं.

एका क्रियापदाचं अख्खं कुटुंब एकत्र शिकू नका मात्र. 'लूक अप', 'लूक अप टू', 'लूक डाऊन ऑन', 'लूक आफ्टर', 'लूक फॉरवर्ड टू' अशी रांग लावून पाठ केली की परीक्षेच्या वेळी होतो तसा गोंधळ होतो, सगळी एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा प्रसंगाने शिका: कामाबद्दल बोलताना 'फिगर आऊट' (शोधून काढणं, उलगडा होणं), 'कम अप विथ' (कल्पना सुचणं), 'रन आऊट ऑफ' (संपणं), 'रॅप अप' (आवरतं घेणं). माणसांबद्दल बोलताना 'गेट अलाँग' (पटणं, जमणं), 'फॉल आऊट' (बिनसणं), 'मेक अप' (भांडण मिटवणं), 'रन इंटू' (अचानक गाठ पडणं). ह्या शेवटच्यात सांभाळा, 'रन इंटू' च्या जागी 'रन ओव्हर' गेलं तर तुम्ही जुन्या मित्राला गाडीखाली घेतलंत असं होतं.

दोन जागा अजून. एक, 'पास अवे' म्हणजे वारणं, आणि 'पास आऊट' म्हणजे बेशुद्ध पडणं. आपल्याकडची मंडळी अगदी निरागसपणे 'आय पास्ड आऊट इन जून' सांगतात आणि बाहेरचा माणूस काळजीने विचारतो आता बरं आहे ना. डिग्री झाली हे सांगायला 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणा. दोन, मध्ये 'इट' किंवा 'देम' आलं की ते बऱ्याच फ्रेझल वर्बमध्ये पोटात जातं: 'टर्न इट डाऊन', 'कॉल इट ऑफ'. 'टर्न डाऊन इट' कानाला लगेच खुपतं. पण 'लूक इंटू इट', 'पुट अप विथ इट' ह्यांत शेवटीच. नियम पाठ करण्यापेक्षा सुरुवातीपासून 'इट' लावूनच म्हणायची सवय करा, जागा आपोआप बसते.

पायरी ३: मराठीशी ताडून बघा, पण डोळे उघडे ठेवून

इथे आपला फायदा आहे कारण बरेचसे वाक्प्रचार दोन्हीकडे जवळजवळ सारखे आहेत. एका दगडात दोन पक्षी, नक्राश्रू, आगीत तेल ओतणं, राईचा पर्वत करणं, नाक मुरडणं, हे सगळं तिकडेही आहे, फरक एवढाच की आपल्याकडे राई आहे तर त्यांच्याकडे चिचुंद्रीसारख्या एका प्राण्याने उकरलेला मातीचा ढिगारा, 'मेकिंग अ माऊंटन आऊट ऑफ अ मोलहिल'. हे पाठ करायला काही लागत नाही.

दुसरा गट म्हणजे भावना तीच पण चित्र वेगळं. आपल्या पोटात गोळा येतो, त्यांच्या पोटात फुलपाखरं असतात, 'बटरफ्लाईज इन माय स्टमक'. आपण ऐनवेळी कच खातो, त्यांचे पाय गार पडतात, 'ही गॉट कोल्ड फीट'. आपण हात झटकतो, ते हात धुतात, 'आय वॉश माय हँड्स ऑफ इट'. नाकी नऊ आले की 'आय एम अॅट माय विट्स एंड'. आपण मनाचा हिय्या करतो, ते गोळी चावतात, 'बाईट द बुलेट'. असे मराठीतला वाक्प्रचार समोर लिहून शिकले तर विसरत नाहीत, कारण अर्थाची व्याख्या नाही तर अख्खी भावना लक्षात राहते.

तिसरा गट फसवा. सगळ्यात मोठा सापळा 'पुलिंग युअर लेग'. आपल्याकडे पाय ओढणं म्हणजे दुसऱ्याला वर जाऊ न देणं, खेकड्यांच्या टोपलीतला प्रकार. इंग्लिशमध्ये ते निव्वळ थट्टा करणं आहे. त्यामुळे कोणी हसत 'आय वॉज जस्ट पुलिंग युअर लेग' म्हणालं तर तो कबुलीजबाब नाही, 'अरे गंमत केली' एवढंच. आणि उलट दिशेला, ऑफिसात कोणी तुमच्या प्रमोशनच्या आड येतंय हे सांगायला हा इडियम वापरलात तर ऐकणाऱ्याला वाटेल तुमच्यात फार मैत्री आहे. तसंच 'डोकं खाऊ नको' चं 'डोन्ट ईट माय हेड' होत नाही, 'स्टॉप बगिंग मी' किंवा 'यू आर गेटिंग ऑन माय नर्व्हज' होतं. 'पोटात कावळे ओरडतायत' ला कावळे नेऊ नका, 'आय एम स्टार्व्हिंग' पुरे.

क्रिकेटवाल्यांसाठी खास सूचना. 'नॉक्ड मी फॉर सिक्स' ऐकून वाटतं काहीतरी भारी झालं, सिक्सर बसला. पण ह्यात तुम्ही बॅट्समन नसता, बॉल असता. बातमी ऐकून पार हादरून गेलो, असा त्याचा अर्थ. 'ही हॅड अ गुड इनिंग्ज' हे म्हाताऱ्या माणसाच्या निधनानंतर किंवा निवृत्तीच्या वेळी म्हणतात, वाईट अर्थाने नाही, भरभरून जगला अशा अर्थाने. 'ऑफ हिज ओन बॅट' म्हणजे कोणी न सांगता स्वतःहून केलं. ही सगळी ब्रिटिश बाजूची. अमेरिकन माणसापुढे ही फेकली तर तो कोऱ्या चेहऱ्याने बघेल, कारण त्याचं सगळं बेसबॉलमधून येतं: 'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा, 'कर्व्हबॉल' म्हणजे अनपेक्षित अडचण, 'स्टेप अप टू द प्लेट' म्हणजे पुढे होऊन जबाबदारी घेणं.

पायरी ४: कोण कोणाला म्हणतंय ते बघा

माझ्या मते अर्थापेक्षा हे जास्त महत्त्वाचं आहे आणि लिस्टवाले नेमकं हेच सांगत नाहीत. 'किक द बकेट' समोर लिस्टमध्ये लिहिलेलं असतं 'मरणे'. बरोबर आहे. पण तो 'खपला', 'गचकला' ह्या जातीचा शब्द आहे. सांत्वनाच्या मेलमध्ये कोणी 'सॉरी टू हिअर युअर फादर किक्ड द बकेट' लिहिलं तर व्याकरण अगदी शुद्ध आहे आणि नातं कायमचं संपलेलं आहे. तिथे 'पास्ड अवे', आणि त्याच्या पुढे 'आय एम सो सॉरी फॉर युअर लॉस', बास.

साहेबांनी काही विचारलं आणि तुम्ही उत्साहाने 'दॅट्स अ नो-ब्रेनर' म्हणालात तर तुम्हाला म्हणायचं असतं 'ह्यात विचार काय करायचा, करूया', पण सूर चुकला तर 'हे विचारायची पण गरज होती का' असं पोचतं. 'इट्स नॉट रॉकेट सायन्स' तसंच, स्वतःच्या कामाबद्दल म्हटलं तर नम्रपणा, दुसऱ्याला अडलेल्या कामाबद्दल म्हटलं तर अपमान. 'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट' नंतर आदर येत नाही, विरोध येतो. हे ऐकलं की सावरून बसा.

देशादेशात पण अर्थ उलटतात. 'टेबल' हे क्रियापद ब्रिटिश मीटिंगमध्ये वापरलं तर विषय चर्चेला घेऊया, अमेरिकन मीटिंगमध्ये वापरलं तर विषय बाजूला ठेवूया. एकाच कॉलवर दोन्हीकडची माणसं असतील तर सरळ 'लेट्स डिस्कस इट नाऊ' किंवा 'लेट्स पोस्टपोन इट' म्हणा आणि मोकळे व्हा. 'क्वाइट गुड' अमेरिकनाच्या तोंडून आलं तर चांगली स्तुती, ब्रिटिशाच्या तोंडून आलं तर बरं आहे, ठीकठाक. ह्याच्या उलट ब्रिटिशाने 'नॉट बॅड' म्हटलं तर मनातून तो खूश असू शकतो. 'पिस्ड' अमेरिकेत चिडलेला, ब्रिटनमध्ये दारू प्यायलेला, आणि दोन्हीकडे असभ्यच, त्यामुळे समजून घ्या आणि सोडून द्या.

काही इडियम्सचा इतिहास वाईट असतो हेही कळलेलं बरं. 'सोल्ड डाऊन द रिव्हर' म्हणजे विश्वासघात करणं, पण ते आलंय अमेरिकेतल्या गुलामांच्या व्यापारातून, माणसं मिसिसिपी नदीतून खालच्या मळ्यांवर विकली जायची त्यावरून. अर्थ माहीत असावा, तोंडात नसला तरी चालतं.

पायरी ५: ऑफिसची भाषा (ऑफिसात असाल तरच, नाहीतर ही पायरी गाळा)

इथे थोडं हसू येतं कारण हे सगळे लोक रोज तीच दहा-पंधरा वाक्यं फिरवत असतात. 'लेट्स टेक धिस ऑफलाईन' म्हणजे नेट बंद करायचं नाही, हा विषय सगळ्यांसमोर नको, नंतर दोघं-तिघं बोलू. 'आय विल सर्कल बॅक' म्हणजे ह्यावर परत येतो. हे बऱ्याचदा आत्ता उत्तर नाही हे सांगायची सभ्य पद्धत असते. 'लूप हर इन' म्हणजे तिला पण मेलमध्ये घ्या. 'आय डोन्ट हॅव द बँडविड्थ' म्हणजे मला वेळ नाही. 'ऑन द बॅक बर्नर' म्हणजे काम सोडलेलं नाही पण सध्या मागे ठेवलंय. 'ऑन द सेम पेज' म्हणजे सगळ्यांची समजूत एकच आहे ना. 'ड्रॉप्ड द बॉल' म्हणजे जबाबदारी होती आणि हातातून सुटली. 'हेड्स-अप' म्हणजे आगाऊ कल्पना देणं, 'कट कॉर्नर्स' म्हणजे वेळ-पैसा वाचवायला कामात पाट्या टाकणं, 'लो-हँगिंग फ्रूट' म्हणजे आधी जी कामं सहज उरकतील ती.

आपल्या बाजूची दोन सांगून ठेवतो. 'प्रीपोन' आपल्याकडे सगळ्यांना कळतं, बाहेर सगळ्यांना कळेलच असं नाही, तिथे 'कॅन वी मूव्ह द मीटिंग अप' किंवा 'ब्रिंग इट फॉरवर्ड' चालतं. आणि 'प्लीज डू द नीडफुल' वाचून बाहेरचा माणूस विचारात पडतो की नक्की काय करू. काय करायचंय ते एका ओळीत लिहा, कामही लवकर होतं.

पायरी ६: शब्द बदलू नका

इडियम म्हणजे गोठलेलं वाक्य. 'कॉस्ट्स अॅन आर्म अँड अ लेग' म्हणजे भयंकर महाग, इथे 'हँड अँड लेग' चालत नाही, क्रमही बदलत नाही. 'अ पीस ऑफ केक' म्हणजे हातचा मळ, पण 'टू पीसेस ऑफ केक' म्हटलं की ते खाण्याचंच झालं. क्रियापदाचा काळ मात्र बदलतो, आणि 'माय, युअर, हिज' माणसाप्रमाणे बदलतात, म्हणजे 'पुलिंग माय लेग', 'पुल्ड हर लेग' हे ठीक. 'स्पिल द बीन्स' (गुपित फोडणं) उलटं करून 'द बीन्स वर स्पिल्ड' म्हटलं तरी अर्थ टिकतो, पण 'द बकेट वॉज किक्ड' म्हटलं की कोणीतरी खरंच बादलीला लाथ मारली. कुठला किती वाकतो हे ऐकूनच कळतं, त्यामुळे जसा ऐकला तसाच वापरायचा. 'अ' आणि 'द' सुद्धा.

एक गोष्ट अजून, एका परिच्छेदात एकच. नवीन शिकलेले चार इडियम्स एका मेलमध्ये कोंबले की तो मेल जाहिरातीसारखा वाटायला लागतो.

पायरी ७: शोधायचं कुठे, लिहायचं कसं

केम्ब्रिज, ऑक्सफर्ड लर्नर्स, मेरियम-वेबस्टर ह्या तिन्ही डिक्शनऱ्या ऑनलाईन फुकट बघता येतात. अर्थाकडे जायच्या आधी शेजारचं छोटं लेबल वाचा: इन्फॉर्मल, ओल्ड-फॅशन्ड, ह्युमरस, ऑफेन्सिव्ह, यूके, यूएस. पायरी ४ मधलं निम्मं काम तिथेच होतं. ओल्ड-फॅशन्ड लिहिलेलं असेल तर समजून घ्यायचं आणि पुढे जायचं. अर्बन डिक्शनरी १९९९ पासून चालू आहे, तिथे कोणीही काहीही लिहू शकतं, त्यामुळे अगदी ताजं स्लँग तिथेच सापडतं आणि निव्वळ थापाही तिथेच सापडतात. दोन-तीन व्याख्या एकसारख्या दिसल्या तरच धरा. उच्चार आणि सूर ऐकायचा असेल तर यूग्लिशवर तो तुकडा टाका, यूट्यूबवरच्या खऱ्या व्हिडिओत लोक तो कसा म्हणतायत ते एकामागून एक ऐकू येतं. 'टेल मी अबाऊट इट' तिथे पाच वेळा ऐका, वर जे आवाजाबद्दल लिहिलंय ते मग वाचायची पण गरज नाही.

वहीत लिहिताना नुसता इडियम आणि अर्थ नको. कोण म्हणालं, कोणाला, काय घडलेलं होतं, आणि मराठीत आपण तिथे काय म्हणालो असतो, एवढं लिहा. उदाहरणार्थ: 'कॉल इट अ डे. टीम लीड, सगळ्यांना, संध्याकाळी उशिरा, काम अर्धवट असताना. आपण: चला, आजच्यापुरतं आटपा.' ह्या एका नोंदीत हेही कळतं की काम पूर्ण झालेलं नसलं तरी ते म्हणता येतं.

इडियमच्या मागच्या गोष्टी वाचायला मजा येते पण जरा जपून. 'स्टील माय थंडर' ची गोष्ट झकास आहे: जॉन डेनिस नावाच्या नाटककाराने १७०९ साली लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरमध्ये आपल्या नाटकासाठी मेघगर्जनेचा आवाज काढायची नवी युक्ती केली, नाटक पडलं, आणि थोड्याच दिवसांत त्याच थिएटरने तीच गर्जना दुसऱ्याच नाटकात वापरली, तेव्हा हा भडकला की माझा गडगडाट चोरला. म्हणून दुसऱ्याचं श्रेय किंवा भाव खाऊन जाणं म्हणजे 'स्टीलिंग समवन्स थंडर'. आणि आपण दिवसातून शंभरदा म्हणतो ते 'ओके', ते १८३९ मध्ये बोस्टनच्या एका पेपरात 'ऑल करेक्ट' चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग (oll korrect) करून त्याची आद्याक्षरं म्हणून गमतीत छापलं होतं, पुढच्याच वर्षीच्या अमेरिकन निवडणुकीत ते घोषणेत आलं आणि मग जगभर गेलं. पण गवताच्या छपरावर झोपलेली कुत्री-मांजरं पावसात खाली घसरायची म्हणून 'कॅट्स अँड डॉग्ज', किंवा जिवंत पुरलेला माणूस शवपेटीतून घंटा वाजवायचा म्हणून 'सेव्ह्ड बाय द बेल', ह्या फॉरवर्डमधल्या कथा आहेत. दुसरा तर सरळ बॉक्सिंगमधला आहे, मार खाणारा बॉक्सर राऊंड संपल्याची घंटा झाली म्हणून वाचतो.

पायरी ८: बोलता बोलता अडलात तर

मान डोलावून वेळ मारून नेऊ नका, कारण पुढचं अख्खं बोलणं त्याच्यावर उभं असू शकतं. 'सॉरी, आय हॅवन्ट हर्ड दॅट वन बिफोर, व्हॉट डझ इट मीन?' एवढं म्हटलं की बहुतेक लोक खुशीत समजावून सांगतात, स्वतःच्या भाषेबद्दल बोलायला सगळ्यांना आवडतं. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारायचं नसेल तर तुम्हाला जे वाटलं ते साध्या शब्दांत परत म्हणा: 'सो यू मीन वी स्टॉप हिअर अँड कंटिन्यू टुमॉरो?' बरोबर असेल तर तो 'एक्झॅक्टली' म्हणेल, चूक असेल तर दुरुस्त करेल, आणि इडियम कळला नव्हता हे कोणाच्या लक्षातही येणार नाही. फोनवर असाल तर ऐकलं तसं देवनागरीत खरडून ठेवा, स्पेलिंगच्या मागे लागू नका, नंतर त्यातला एखादा नामशब्द टाकून डिक्शनरीत शोधलं की सापडतं.